परीक्षेचे विषय आणि महर्षी कर्वे

इंदूर शहरातील आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतून सध्या एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. माध्यमिक शाळेतील मुलांनी परीक्षेला किती विषय घ्यावेत? मध्य प्रदेश मंडळाच्या दहावीला तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक विज्ञान असे सहा विषय आहेत. केंद्रीय मंडळाच्या शाळांत पाच मुख्य विषय असतात आणि ज्याला हवा त्याने सहावा घ्यावा अशी सोय असते. आता २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नववी-दहावीला तीन भाषा आणि इतर सात असे दहा विषय सुचविले आहेत. हे ऐकून पालक घाबरले आहेत. पाच-सहा विषयांनीच मूल नववीत गेल्यावर शब्बाथशाळेला यायचे थांबते, मग दहा झाले तर काय होईल, असे आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षक भगिनी विचारतात. उलट काही पालकांना दहाही थोडेच वाटतात! शेजारच्या मुलाने संगणकही घेतला आहे, मग आमच्याने का घेऊ नये, असा त्यांचा हिशेब.

या वादात पडण्यापूर्वी एका मराठी माणसाचे चरित्र आपण पाहावे असे आम्हांला वाटते. कारण त्यांनी या प्रश्नावर नुसते मत दिले नाही. परीक्षेचे विषय कोणते असावेत, किती सक्तीचे आणि किती ऐच्छिक असावेत, कोणत्या भाषेत शिकवावेत हे ठरविण्यासाठी त्यांनी एक आख्खे विद्यापीठ उभे केले, आणि त्याची किंमतही मोजली. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. आपल्यापैकी बहुतेकांना ते विधवांचे कैवारी म्हणून माहीत आहेत. अण्णासाहेबांची ही दुसरी बाजू शाळेच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत आटोपते.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात शेरवली या त्यांच्या आजोळी झाला. घर मुरूडचे. हे मुरूड म्हणजे दापोली तालुक्यातले, जंजिऱ्याचे नव्हे. घराणे एके काळी बऱ्या स्थितीतले होते, पण त्यांच्या वडिलांच्या वेळेपर्यंत गरिबी आली होती आणि केशवपंत दुसऱ्याच्या पदरी कारकुनी करून संसार चालवीत. मुलगा लाजाळू, बोलण्यात मागे, पण मनाने चिवट. गावच्या शाळेत सोमण नावाचे शिक्षक होते. त्यांनी या मुलाला सार्वजनिक कामाची गोडी लावली. पुढे कर्व्यांनी केलेल्या सर्व कामाचे मूळ त्या गावच्या शाळेत सापडते.

परीक्षा म्हणजे काय असते याचा पहिला अनुभव त्यांना सतराव्या वर्षी आला. मराठी सहावीची सरकारी परीक्षा त्या काळी मोठी समजली जाई. ती उतरला की शिक्षकाची नोकरी मिळे. ती द्यायला मुंबईला नाही तर साताऱ्याला जावे लागे. १८७५ च्या सप्टेंबरात दर्या खवळलेला असल्यामुळे मुंबईचा समुद्रमार्ग बंद होता. तेव्हा धोंडू आणि त्याचे सोबती पायी निघाले. पावसाळ्यात सह्याद्रीचा घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट चार दिवसांत तुडवून ते साताऱ्याला पोहोचले. परीक्षेला बसण्यास सतरा वर्षे पुरी लागत. धोंडूला ती पुरी झाली होती, पण अंगकाठी इतकी लहान की परीक्षक मंडळाच्या प्रमुखांचा विश्वास बसेना. त्यांनी त्याला परीक्षेलाच बसू दिले नाही. मुलगा आला तसा परत गेला. पुढल्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तो ही परीक्षा उतरला.

ही हकीकत सांगताना लोक बहुधा मुलाच्या जिद्दीचे कौतुक करून थांबतात. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. परीक्षा घेणाऱ्याने मुलाला काय येते हे विचारलेच नाही, त्याचा देह पाहून निकाल दिला. ज्याच्यावर असा प्रसंग गुजरला त्याच्या हाती चाळीस वर्षांनी परीक्षेचे नियम करण्याचा अधिकार आला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

इंग्रजी शिक्षण त्यांना उशिरा आणि तुटक तुटक मिळाले. थोडे मुरूडला, थोडे रत्नागिरीला, मग मुंबईत. मुंबईत ते रॉबर्ट मनी शाळेत होते. ही चर्च मिशनरी सोसायटीची शाळा, म्हणजे आपल्याच मिशन परंपरेतली. तेथून १८८१ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा वय तेवीस वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने त्या वयात मुले पदव्युत्तर शिक्षण संपवितात. नंतर काही काळ विल्सन कॉलेजात, म्हणजे पुन्हा मिशनच्याच छत्राखाली, आणि पुढे एलफिन्स्टन कॉलेजात शिकून १८८४ साली गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. स्वतःच्या शिक्षणाचा खर्च ते शिकवण्या करून भागवीत. त्यानंतर मुंबईत ते मुलींच्या शाळांतून आणि खासगी शिकवण्यांतून गणित शिकवू लागले. मिळकतीतला काही भाग बाजूला काढून त्यांनी आपल्या गावासाठी मुरूड फंड उभारला. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास बोलाविले, आणि १९१४ पर्यंत, बी. ए. या एका पदवीवर, त्यांनी तेथे गणित शिकविले. तेवीस वर्षे गणिताच्या प्राध्यापकाची! हा आकडाही पुढे उपयोगी पडणार आहे.

त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. पुनर्विवाह करायचा तर विधवेशीच करायचा असा निश्चय करून त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई जोशी यांच्याशी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पंडिताबाईंनी सदन मुंबईत १८८९ साली उघडले आणि पुढल्या वर्षी पुण्यास नेले, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. लग्नानंतर गोदूबाई आनंदीबाई झाल्या. पुढे सर्वजण त्यांना बाया म्हणू लागले. मुरूडच्या लोकांनी या विवाहाबद्दल कर्वे घराण्याला वाळीत टाकले. वाळीत पडणे म्हणजे काय असते, पाणवठा कसा बंद होतो आणि सख्खी आईसुद्धा लेकाला उघडपणे कशी भेटू शकत नाही, हे आपल्या मंडळीतील जुन्या घराण्यांना वेगळे सांगायला नको.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. सुरुवातीला तेथे एक झोपडी होती. कॉलेजात दिवसभर गणित शिकवून अण्णासाहेब संध्याकाळी चिखलाच्या वाटेने हिंगण्याला चालत जात, तेथे विधवांना शिकवीत आणि पहाटे परत चालत येत. शारदा सदनातील मुली ख्रिस्ती विचारांकडे वळतात म्हणून पुण्यात जी खळबळ झाली होती तिच्या पार्श्वभूमीवर त्यांचा आश्रम निघाला, हे आपण लपवू नये. दोन संस्थांचे मार्ग धर्माच्या बाबतीत वेगळे होते. पण बायांनी रमाबाईंचे ऋण कधी नाकारले नाही.

आता मूळ विषयाकडे येऊ. हिंगण्याच्या आश्रमात येणारी विधवा पुष्कळदा अठरा-वीस वर्षांची असे, आणि तिला मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागे. तिला मॅट्रिक करायचे तर मुंबई विद्यापीठाची ती परीक्षा डोंगरासारखी समोर उभी राही. इंग्रजी, दुसरी भाषा, अंकगणित, बीजगणित, युक्लिडची भूमिती, इतिहास, भूगोल, शास्त्र, आणि हे सर्व इंग्रजीच्या द्वारा. एका विषयात गेले की पुन्हा सगळ्या विषयांना बसायचे. या ओझ्याखाली पुरुष विद्यार्थीसुद्धा पिचत. न्यायमूर्ती रानडे यांनी पदवीधर तरुणांच्या अकाली मृत्यूंचा विचार करताना परीक्षांच्या ताणाकडे बोट दाखविले होते. रानड्यांचे स्वतःचे डोळे विद्यार्थिदशेतील वाचनाने अधू झाले होते, तेव्हा ते ऐकीव बोलत नव्हते.

आश्रमातल्या थोड्या मुली त्या डोंगरावर चढल्या, बहुतेकींच्या हातून ते झाले नाही. गणिताच्या प्राध्यापकाने हे वर्षानुवर्षे पाहिले. मुली मंद नव्हत्या. हिशेब त्यांना येई, गोष्ट कळे, इतिहास सांगता येई. पण तोच इतिहास इंग्रजीत लिहायचा म्हटले की त्याचे दोन विषय होत. भूमितीचा सिद्धांत कळलेला असे, पण तो परक्या भाषेत मांडताना हात थांबे. यावरून आम्ही असे समजतो की सहा विषय परक्या भाषेत शिकणारे मूल खरे पाहता बारा विषय शिकत असते. आमच्या इंदुरात तर हा हिशेब आणखी बिकट होतो. मूल घरी मराठी बोलते, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि तिसरी भाषा म्हणून बहुधा संस्कृतचे शब्द घोकते. उपासनेत मराठी गीत म्हणते ते मात्र त्याला पुष्कळदा वाचता येत नाही, कारण देवनागरी लिपी ओळखीची असली तरी आपली भाषा कोणत्याच परीक्षेत त्याला उपयोगी पडत नाही.

परक्या ठिकाणची परीक्षा ही इंदूरला नवी गोष्टही नाही. कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनने १८८७ साली सुरू केलेले आपले इंदूर ख्रिश्चन कॉलेज आधी कलकत्ता, मग अलाहाबाद आणि पुढे आग्रा अशा दूरदूरच्या विद्यापीठांना जोडलेले होते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला माळव्यातले मूल कसे असते हे कोठून कळणार? असो.

कर्व्यांना वाट सापडली ती अनपेक्षित रीतीने. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारे एक पुस्तक त्यांच्याकडे टपालाने आले. ते त्यांनी चाळून ठेवून दिले. काही महिन्यांनी, डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणात काय सांगावे याचा विचार करताना त्यांनी ते पुस्तक पुन्हा उघडले आणि एकदम त्यांचे मन पेटले. ते जपानी विद्यापीठ टोकियो येथे १९०१ साली जिन्झो नारुसे यांनी स्थापन केले होते. हे नारुसे कर्व्यांच्याच वर्षी, १८५८ साली, जन्मलेले. तरुणपणी त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, काही वर्षे ते मंडळीचे पाळक होते आणि अमेरिकेत अँडोव्हरच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात शिकले होते. पुढे त्यांचे धर्मविचार मंडळीच्या चौकटीबाहेर गेले, पण स्त्रीशिक्षणाची त्यांची तळमळ पाळकपणाच्या दिवसांतली. एका जपानी पाळकाच्या कामाचे वृत्त हिंगण्याच्या गणितज्ञाच्या टेबलावर येऊन पडावे, यात आमच्यासारख्याला देवाचा हात दिसतो. कोणाला योगायोग दिसला तर आमची तक्रार नाही.

परिषदेत कर्व्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. ३ जून १९१६ रोजी त्या विद्यापीठाच्या सिनेटची पहिली बैठक झाली आणि ५ जुलैला मूठभर विद्यार्थिनी घेऊन वर्ग सुरू झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे कुलपती आणि केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कुलगुरू झाले. परांजपेही मुरूडच्या बाजूचे आणि कर्व्यांच्या घरचेच म्हणावेत असे. म्हणजे या विद्यापीठाच्या कारभारात दोन पट्टीचे गणिती होते.

आणि या विद्यापीठाने आपल्या प्रवेश परीक्षेत गणित ऐच्छिक केले!

सक्तीचे विषय थोडे ठेवले. मातृभाषा, इंग्रजी, इतिहास, आणि गृहव्यवस्था व आरोग्य. गणित, संस्कृत, पदार्थविज्ञान यांसारखे विषय ज्या मुलीला हवे तिने निवडावेत. इंग्रजीखेरीज सर्व विषय मातृभाषेतून शिकायचे आणि उत्तरेही मातृभाषेतच लिहायची. पदवीपर्यंत हाच क्रम. पदवीची नावेसुद्धा देशी होती. पहिली गृहीतागमा, त्यावरची प्रदेयागमा. आज ती नावे ऐकून हसू येते, पण विद्या घेतलेली आणि विद्या देण्यास योग्य झालेली असा त्यांचा अर्थ आहे, आणि बी. ए. या दोन अक्षरांपेक्षा तो काही वाईट नाही.

गणिताच्या प्राध्यापकानेच गणित सक्तीचे ठेवू नये याचे त्या वेळी पुष्कळांना नवल वाटले असणार. आम्हांला मात्र त्यात त्यांच्या धंद्याचे इमान दिसते. तेवीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसाला कळते की नाइलाजाने गणित घेणारे मूल गणित शिकत नाही, गणिताला भिण्यास शिकते. आम्ही ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली तेव्हा ग्रीक भाषा ऐच्छिक होती. ती घेणारे थोडे होते, पण ते आजही ग्रीक शुभवर्तमान उघडतात. सक्तीच्या विषयांची वह्या-पुस्तके केव्हाच रद्दीत गेली. अलीकडे केंद्रीय मंडळाने २०२० च्या दहावीपासून गणिताच्या सोप्या आणि नेहमीच्या अशा दोन प्रश्नपत्रिका ठेवल्या, पुढे गणित न घेणाऱ्याने सोपी द्यावी म्हणून. कर्व्यांची वाट त्याच दिशेची होती, पण शंभरावर वर्षे आधीची आणि त्याहून धीट.

तरी दुसरी बाजू सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. विषय कमी करणे ही फुकटची दया नव्हे. अण्णासाहेबांच्या विद्यापीठावर टीका झाली की हे बायकांसाठी हलके शिक्षण आहे, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेऊन सोडणारे. ही टीका सगळीच द्वेषाची नव्हती. स्त्रीचे कार्यक्षेत्र मुख्यतः घर आहे, म्हणून तिचे शिक्षण पुरुषापेक्षा वेगळे असावे, ही समजूत खुद्द कर्व्यांच्या मांडणीत होती, आणि ती आज आपण मान्य करणार नाही. ज्या काळात त्यांनी ती मांडली त्या काळात बहुसंख्य मुलींना कोणतेच शिक्षण मिळत नव्हते, हेही खरे. पण हलके म्हणून ठरविलेल्या विषयांचा शिक्का मुलीच्या कपाळी बसतो, आणि तो पुसण्यास तिला आयुष्य खर्चावे लागते, हे आम्ही शाळांतून आजही पाहतो.

अधिक मोठी अडचण सरकारची होती. इंग्रज सरकारने या विद्यापीठाला मान्यता दिली नाही. गृहीतागमा झालेल्या मुलीला सरकारी नोकरीत तिच्या पदवीचा उपयोग होईना, वैद्यकीच्या वा कायद्याच्या शिक्षणाची दारेही तिला उघडत नव्हती. ज्या मुलीला डॉक्टर व्हायचे तिला मुंबई विद्यापीठाचाच डोंगर चढणे भाग होते. विषय कमी केले, भाषा आपली केली, ओझे उतरले, पण पलीकडचा दरवाजा बंद राहिला. पालकांनी हे विचारात घ्यावे. मुलाला एखादा विषय सोडू देताना, तो विषय पुढे कोणत्या दारावर मागतील हे आधी विचारून घ्यावे लागते. आपल्या शहरात नववीतल्या मुलाला दहावीला काय घ्यावे हे शेजारी सांगतात, क्लासवाले सांगतात, पण दहावीनंतर काय मागतील हे कोणी सांगत नाही.

इंग्रजीच्या प्रश्नावर तर कर्व्यांचा प्रत्यक्ष महात्मा गांधींशी मतभेद झाला. शिक्षण मातृभाषेतून हवे यावर दोघे एक होते. पण इंग्रजी ऐच्छिक करावी असे गांधींचे म्हणणे होते, आणि कर्वे ती सक्तीची ठेवण्यावर ठाम राहिले. मार्च १९१८ मध्ये गांधी आपल्या इंदुरात हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आले आणि देशी भाषांचा आग्रह त्यांनी येथेही धरला. देशभर वारे त्या दिशेने वाहत असताना, गणित सोडून देण्यास तयार असलेला हा माणूस इंग्रजी सोडायला तयार झाला नाही. आम्हांला हे फार महत्त्वाचे वाटते. विषय सरसकट कमी करणे हे त्यांचे धोरण नव्हते. कोणता विषय सोडला तर मुलीचे नुकसान होणार नाही आणि कोणता सोडला तर तिचा जगाशी संबंध तुटेल, हे त्यांनी एकेक करून तोलले होते. तोलण्यात गणिताच्या बाबतीत त्यांची चूक झाली असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. पण त्यांनी तोलले, ही गोष्ट राहतेच.

त्यांच्या घरातच याचे उदाहरण होते. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले बालविधवा, हिंगण्याच्या आश्रमाचा मोठा आधार. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. पण इंग्रजी येत नाही याची खंत त्यांच्या मनात राहून गेली होती. १९१८ साली, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या, लोकांच्या घरी कामे करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या आणि संस्थेसाठी पैसेही जमवून आणले. त्यांनी कोणतीही परीक्षा दिली नाही. विषय मात्र पुरा केला.

विद्यापीठाचे हाल मात्र चालूच होते. अण्णासाहेब गावोगाव फिरून रुपया-दोन रुपयेसुद्धा आनंदाने घेत. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, हे नाव मिळाले. महाराष्ट्रात आणि गुजरातेत मुलींच्या शाळा या विद्यापीठाला जोडल्या जाऊ लागल्या, आणि त्यांच्या मुली मराठीतून व गुजरातीतून प्रवेश परीक्षा देऊ लागल्या. सत्तरी ओलांडल्यावर अण्णासाहेब युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका असा प्रवास करून आले. टोकियोचे ते विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. नारुसे तेव्हा हयात नव्हते. ते १९१९ सालीच वारले होते.

त्यांच्या सूनबाई डॉ. इरावती कर्वे यांचाही उल्लेख येथे केला पाहिजे. मानववंशशास्त्रात त्यांनी मोठे नाव मिळविले. त्यांच्या स्वतःच्या पदव्या मुंबई आणि बर्लिन येथील विद्यापीठांच्या. सासऱ्यांच्या विद्यापीठाच्या कारभाराची जबाबदारी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी सांभाळली. म्हणजे सुनेने दोन्ही प्रकारच्या परीक्षा जवळून पाहिल्या. एकाच घरात दोन्ही मार्ग नांदले, आणि म्हाताऱ्याने सुनेवर आपला मार्ग लादला नाही.

विद्यापीठ १९३६ साली मुंबईस गेले. त्याच सुमारास, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णासाहेबांनी ज्या खेड्यांत शाळाच नाही अशा खेड्यांसाठी प्राथमिक शिक्षणाचे मंडळ काढले आणि पुण्याच्या रस्त्यांतून पैसा-पैसा गोळा करीत फिरू लागले. १९४४ साली जातिभेद मोडण्यासाठी समता संघ काढला. या दोन्ही कामांवर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. येथे एवढेच सांगतो की परीक्षेला विषय पाच असावेत की दहा हा वाद ज्यांच्या गावात शाळाच नाही त्यांना सुचतसुद्धा नाही, हे त्या वृद्धाला कळले होते.

सरकारी मान्यता आली ती स्वातंत्र्यानंतर. मुंबई विधिमंडळाने १९४९ साली कायदा केला आणि १९५१ पासून ते कायदेशीर विद्यापीठ झाले. मधली पस्तीस वर्षे ज्या मुलींनी मान्यता नसलेली पदवी हाती घेऊन शाळांत शिकविले, संसार केले, संस्था चालविल्या, त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. अण्णासाहेबांना १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. त्याच वर्षी त्यांच्या चित्राचे टपालाचे तिकीट निघाले. एकशे चार वर्षांचे आयुष्य पुरे करून ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते पुण्यास वारले. बाया त्यांच्या कितीतरी आधी गेल्या होत्या.

त्यांच्या विद्यापीठात पुढे विज्ञानाचे विभाग आले, औषधनिर्माणशास्त्र आले. मुंबईत जुहूच्या आवारात त्याच विद्यापीठाचे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि तेथे गणित घेतल्याशिवाय प्रवेश मिळत नाही.